पत्ता सांगू नकोस

मोरकॅम या समुद्रकाठच्या गावात चॅपलमागच्या सभागृहाला दोन दारं होती. मूल ज्याच्याकडे राहतं तो त्याला रस्त्याकडच्या दारानं आणून सोडायचा. भेटायला येणाऱ्यानं मात्र पंधरा मिनिटं आधी गल्लीतल्या दारानं यायचं. वेगळं राहणाऱ्या नवरा-बायकोची गाठ पडू नये आणि पोरांपुढे तमाशा होऊ नये, म्हणून ही सोय.

डंकन पहिल्या शनिवारी चाळीस मिनिटं आधीच येऊन गल्लीत उभा राहिला. तो बस डेपोत मेकॅनिक होता. नखांतलं काळं निघावं म्हणून सकाळी त्यानं हात इतके घासले होते की बोटं लाल झाली होती. काखेत एक भलंमोठं खोकं होतं.

विनीनं दार उघडलं. विनी बहात्तर वर्षांची, शाळेतली निवृत्त स्वयंपाकीण. दर दुसऱ्या शनिवारी ती या भेटकेंद्रात फुकट राबायची.

"डंकन ना तू? आणि हे काय, घरच उचलून आणलंस की!"

"बाहुलीघर आहे. टॅबीसाठी."

"आज हे माझ्या कपाटात राहू दे, राजा. चौदा महिन्यांनी बाप दिसणार आहे, आज तेवढंच पुरे पोरीला."

नियम त्याला पाठ होते. फोन काढायचा नाही. पोरीच्या कानात कुजबुजायचं नाही. तिच्या तोंडून आईला निरोप धाडायचा नाही. कुठे राहता, घरी कोण येतं-जातं, असली चौकशी करायची नाही. हे नियम का आहेत तेही त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याची बायको लोर्ना त्याला सोडून बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा एका रविवारी भरदुपारी तो पिऊन तिथे गेला होता आणि दार बडवता बडवता त्यानं दाराची काच फोडली होती. त्यानंतर लोर्नानं घर बदललं. नवा पत्ता कोर्टाला ठाऊक होता, डंकनला नाही. त्याला दारू सोडून आता अकरा महिने झाले होते. कोर्टानं सांगितलं होतं, आधी इथे भेटा, दोन-दोन तास, मग पुढचं बघू.

टॅबी आली ती विनीचं बोट धरून. साडेपाच वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. तिनं डंकनकडे एकदा पाहिलं आणि सरळ रंगकामाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

डंकन टेबलाजवळ गेला. टेबलाबाहेर नुसते तिचे लाल बूट दिसत होते. 'ये ना बाळा' म्हणावंसं त्याला फार वाटलं. शेजारच्या टेबलावरचा बाप लेकाबरोबर पत्ते खेळत होता, तो नजर चुकवून पत्ते पिसत राहिला.

शेवटी डंकननं अंगातलं जाकीट काढलं, जमिनीवर पसरलं आणि त्यावर उताणा झोपला. बसखाली झोपण्यात त्याची उमर गेली होती. सरकत सरकत त्यानं डोकं टेबलाखाली घातलं आणि लाकडाच्या फळीकडे टक लावून पाहत म्हणाला, "या टेबलाचं सर्व्हिसिंग कुणी केलेलं दिसत नाही."

मग बूट हलले.

"टेबलाला इंजिन नसतं."

"नसतं? मग हे चालतं कसं?"

"ते चालतच नाही. टेबल आहे ते!"

"तेच म्हणतोय मी. बिघडलंय."

टॅबीनं तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून निसटलंच. मग दोघांनी मिळून ते टेबल दुरुस्त केलं. तिनं खडू दिले, त्यानं ते पाने म्हणून वापरले. दोन तास संपले तेव्हा डंकनच्या कपाळावर निळा डाग होता आणि पोरगी त्याला "डंकन" म्हणत होती, कारण विनीच्या तोंडून तिनं तेच नाव ऐकलं होतं. त्यानं ते दुरुस्त केलं नाही.

पोरीच्या पिशवीत एक वही यायची. लोर्ना त्यात लिहून पाठवायची आणि डंकननं त्यात उत्तर लिहायचं, तेही फक्त पोरीबद्दल. 'खोकला आहे, थंड देऊ नये.' 'दूध प्यायली, केकचा एक तुकडा खाल्ला.' दोघांच्या संसाराची सात वर्षं आता अशा एका ओळीत मावत होती.

तिसऱ्या शनिवारी बाहुलीघर कपाटातून निघालं. टॅबीनं सगळ्या खोल्या पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"यात बस ठेवायला जागाच नाही."

"करू की! मागची भिंत काढून टाकू."

"भिंत काढली तर घर पडेल, डंकन. तुला काही कळत नाही."

त्याच दिवशी पत्ते खेळणाऱ्या त्या मुलानं तिला विचारलं, हा कोण तुझा? टॅबी मान वर न करता म्हणाली, "माझा बाबा. जरा वेंधळा आहे, पण टेबलं दुरुस्त करतो." डंकननं ऐकलं आणि उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

पाचव्या शनिवारी टॅबी चित्र काढत बसली होती. जीभ बाहेर, सगळं लक्ष कागदावर.

"हे आमचं घर. दार पिवळं आहे. खाली केकचं दुकान आहे, त्या दुकानाचं नाव मला लिहिता येतं. हे बघ, आणि रस्त्याचं नाव आहे..."

डंकननं मान वर केली. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि आपली पोर कुठल्या खिडकीआड झोपते ते कळलं असतं. कामावर जाता-येता तिथून नुसतं जायचं, थांबायचंसुद्धा नाही. कुणाला कळणार होतं?

त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि जुन्या डबलडेकरसारखा आवाज काढायला लागला, "घर्र्र... घर्र्र्र..." सगळं सभागृह वळून बघायला लागलं. टॅबीला आधी तो खेळ वाटला. ती खिदळत त्याचे हात ओढायला लागली. "ऐक ना! ऐक की रे!" तरी तो हात काढीना, तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला.

"तुला आमच्या घरी यायचंच नाहीये."

डंकननं हात खाली घेतले. "यायचंय, टॅबी. खूप यायचंय. पण पत्ता आईचा आहे. आईनं सांगितला तर मी ऐकेन. तू सांगू नकोस."

"का?"

यावर काय बोलावं हे कुठल्या नियमात लिहिलं नव्हतं. त्यानं विनीकडे पाहिलं. विनी कपबशा पुसत उभी होती, ती हलली नाही.

"कारण मी एकदा मावशीच्या दाराची काच फोडली होती. आई घाबरली होती."

"मला आठवतंय. मी जिन्यावर होते."

ती तिथे होती हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

"तू खूप ओरडत होतास," टॅबी म्हणाली.

"हो. चूक माझी होती. तुझी नाही, आईची तर नाहीच नाही."

टॅबीनं थोडा विचार केला. "काच मावशीनं झाडली. तू झाडायला हवी होतीस."

"हो गं. मीच झाडायला हवी होती."

तेवढ्यानं तिचं समाधान झालेलं दिसलं. ती चित्रात सूर्य काढायला लागली. चित्र पूर्ण झालं तसा डंकननं कागद न वाचता पालथा केला आणि विनीच्या हातात दिला.

"हे तिच्या पिशवीत घालशील? मला ठेवायला नको."

विनीनं कागद उलटून पाहिला. वाकड्या अक्षरांत दुकानाचं नाव होतं. "बरं," एवढंच ती म्हणाली, पण जाताना तिनं त्याच्या पाठीवर एक चांगली थाप मारली. डेपोतला कुणी मारेल अशी.

पुढच्या खेपेला वही आली तेव्हा लोर्नाचं अक्षर अर्धं पान भरून होतं. 'टॅबीनं कान झाकल्याचं सांगितलं. तीन वेळा सांगितलं, आवाज काढून दाखवला. मी विनीला विचारलं तर ती म्हणाली, निरोप पोचवणं माझं काम नाही, पण पोरगी खोटं बोलत नाही. मी वकिलाशी बोलले आहे. पुढच्या वेळेपासून एक तास तिला किनाऱ्यावर फिरायला नेलंस तरी चालेल. घ्यायचं आणि सोडायचं चॅपलमध्येच. चिप्स खाल्ल्या तर रात्री जेवत नाही.'

डंकननं ते पान उभ्याउभ्या चार वेळा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. शेवटी लिहिलं, 'चिप्स अर्ध्याच देईन. आभारी आहे.'

पुढच्या भेटीच्या शनिवारी वारा असा सुटला होता की समुद्रपक्षीही जमिनीवर चालत होते. ओहोटी लागून चिखल दूरवर उघडा पडला होता. टॅबीनं त्याचा हात धरला नाही, बाही धरली, कारण तिच्या हाताला गरम चिप्सवरचं मीठ आणि व्हिनेगर लागलं होतं. तिनं त्याला शाळेतल्या भांडणांची सगळी हकीकत ऐकवली. कोण कोणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आणि सोमवारपासून कोण बोलणार आहे. त्यात डंकनला दोनच शब्द मध्ये घालता आले, "अरे वा" आणि "मग?"

त्याचं सगळं चित्त घड्याळात. दहा मिनिटं राखूनच तो पोरीला घेऊन परत आला. गल्लीतल्या दाराकडे वळणार तोच विनीनं रस्त्याकडचं दार उघडलं. आत लोर्ना उभी होती. ती मुद्दाम लवकर आली होती आणि विनीला तसं सांगून थांबली होती.

जवळजवळ दीड वर्षानंतर दोघं एकमेकांसमोर आले. लोर्नानं केस कापले होते. डंकन उंबऱ्याबाहेरच थांबला, एक पाऊलही आत टाकलं नाही. टॅबी धावत आईकडे गेली आणि व्हिनेगरचे हात तिच्या कोटाला पुसले.

"चिप्स?" लोर्नानं विचारलं.

"अर्ध्या," डंकन म्हणाला. "उरलेल्या मी खाल्ल्या."

लोर्नानं पोरीची टोपी सरळ केली, पिशवी खांद्याला लावली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दहा मिनिटं आधी आणलंस."

"उशीर व्हायला नको म्हणून."

"पुढच्या वेळी पूर्ण तास घे," ती म्हणाली.