चिमूटभर हौद्याची माती

साहेब, वकासला तुम्ही संपवलंत. नियमानं नव्हे, नियमाच्या आड लपून. त्याला समोर बोलावून एक शब्द विचारला असतात, तर आज हे ऐकायची पाळी तुमच्यावर आली नसती. आता ऐका.

गुजरांवाल्यात पंख्यांच्या कारखान्यांमागं दित्ता पहिलवानाचा आखाडा आहे. आहे आपला म्हणायला. लढणारं कुणी उरलं नाही. पोरं जिममध्ये आरशासमोर दंड फुगवतात. दित्त्याचे गुडघे गेलेत, कान तर कुस्तीतच चुरगळले. तरी रोज सकाळी कुस्तीच्या मातीचा हौदा उकरून ठेवायचा. न येणाऱ्या पाहुण्याचं अंथरूण घालावं तसा.

अशातच वकास आला. कारखान्यात मोटारीच्या तारा गुंडाळणारा, अंगानं काटकुळा, ताडमाड उंच.

"वस्ताद, मला फास्ट बॉलर व्हायचंय."

"मग इथं कशाला तडफडलास? ती तीन लाकडं कशासाठी रोवतात, तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"अकादमीवाले म्हणाले, अंगात जोर नाही. जोर इथंच मिळतो ना?"

कोपऱ्यात बदामाची सरदाई, म्हणजे थंडाईच, घोटत बसलेला आखाड्याचा जुना गडी फज्जा खिदळला. "घ्या पहिलवान! म्हशी संपल्या, आता उंट पाळा."

दित्त्यानं उंट पाळला. वकासनं हौदा खणायचा, मग फळीला दोर लावून माती सपाट करायची. फळीवर दित्ता स्वतः बसायचा, वर फज्जालाही बसवायचा. मुदगल फिरवून खांद्यांची सालटी निघाली. मग उकरलेल्या मातीत अनवाणी धावायचं. पाय रुतायचे, पोटऱ्या पेटायच्या. बॉल टाकताना पाहून दित्ता ओरडायचा, "फेकतोस काय भिकाऱ्याला रोटी फेकल्यासारखा? धोबीपछाड मार! पुढचा पाय रोव, कंबर घाल, अन् पाठीवरून आपट त्याला!"

बॉल जोरात जायला लागला. तो जोर मातीतनं आला की पोराच्या विशीतनं, हे दित्त्यालाही सांगता आलं नसतं. पण म्हातारा पुन्हा वेळेवर जेवू लागला, हे फज्जानं पाहिलं.

आता मातीचं. हौद्यात उतरण्याआधी चिमूट घ्यायची, कपाळाला लावायची, मग तळव्यांना चोळायची. मातीला विसरला तो उताणा पडला, असं दित्त्याला त्याच्या वस्तादानं शिकवलं, त्यानं वकासला. पोरगा बाहेरगावी खेळायला निघाला तेव्हा दित्त्यानं चिंधीत माती बांधून त्याच्या खिशात घातली. "परक्या मुलखात आपली माती कुठं शोधशील? धाव घेण्याआधी लावत जा."

दित्त्याला क्रिकेट कळत नव्हतं. वकास वाढला तो गल्लीत, टेप गुंडाळलेल्या बॉलवर. तिथं बॉलला माती लागली म्हणून कुणी शुद्ध हरपत नाही.

वकासनं विकेटी काढल्या, पेपरात नाव आलं, आणि साहेब, क्रिकेट बोर्डातनं तुम्ही आलात. फोटोवाले घेऊन. बूट-मोजे काढून हौद्यात उभे राहिलात. दित्त्यानं तुमच्या कपाळाला माती लावली. तुम्ही रुमाल पसरलात, म्हणालात, "पहिलवानजी, यातही थोडी बांधा. मुलाच्या उशाशी ठेवीन, बरकत येईल." दित्त्यानं दोन्ही हातांनी बांधून दिली.

मग मोठा सामना आला. कॅमेऱ्यात दिसलं, बॉलरनं खिशातनं काही काढून हाताला चोळलं. चिंधी सापडली. बॉलला बाहेरचं काही लागू द्यायचं नाही, हा तुमचा नियम. त्याच हातानं त्यानं बॉल टाकला, हे दित्ता नाकारत नाही. चूक झाली, शिक्षा द्या. पण तुमच्या बंदीच्या हुकमात शब्द होता 'बेईमान'. तो शब्द कारखान्यात वकासच्या आधी पोचला.

दित्ता तुमच्या दारात आला होता. बाकड्यावर दिवस काढला. आतनं तुमचं हसू ऐकू येत होतं. शिपाई म्हणाला, "बाबाजी, साहेब मीटिंगमध्ये आहेत. अन् सांगायचं काय राहिलंय? व्हिडिओत सगळं दिसतं."

"पोरानं आधी कपाळाला लावली, ते दिसतं का?"

"कपाळाचा नियम नाही, बाबाजी."

गुडघे धरत दित्ता बसस्टँडपर्यंत गेला. त्याला राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा.

काल वकास आखाड्यात आला. पायात कारखान्याचे बूट. तसाच हौद्यात उतरला. फज्जाच्या हातातला घोटायचा सोटा थांबला. एरवी असल्या पोराच्या पाठीवर दित्त्यानं मुदगल घातला असता.

"वस्ताद, बुजवून टाका हा खड्डा," वकास म्हणाला. "मला तिथं विचारतात, आज काय चोरलंस? तारा की पंखा?"

"बूट काढ, बेटा."

"कशाला? माती आहे नुसती."

"चहा तरी पी."

"राहू द्या." अन् तो गेला.

आज सकाळी दित्त्यानं हौदा उकरला नाही. बुटांचे ठसे तसेच आहेत. तो काठावर बसून त्यांच्याकडे बघतोय. फज्जानं दोनदा प्याला पुढं केला, दोनदा मागं घेतला.

साहेब, पोराच्या खिशात सापडली ती बेईमानी. मग तुमच्या मुलाच्या उशाशी आहे, ती काय आहे? मीटिंग संपली असेल तर बोला.