साठ श्वास

लॉयडचा काका जहाजावर स्वयंपाकी होता. कुठल्याशा बंदरातून त्याने एक जाड इंग्रजी पुस्तक आणि कातडी पिशवीभर रंगीत फासे आणले होते. पुस्तक एका खेळाचं होतं. टेबलाभोवती बसायचं, एकाने मास्तर व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवणार. आपलं माणूस कुठल्या जातकुळीचं, त्याला काय येतं आणि काय येत नाही, याला पुस्तकात क्लास म्हटलं होतं. पण उत्तनच्या घरी पोचेपर्यंत पुस्तकाने समुद्राचं पाणी खाल्लं होतं आणि नेमकं क्लासचं प्रकरण चिकटून पावाच्या लादीसारखं झालं होतं. लॉयडने वाफ देऊन पानं सोडवायला घेतली, तेव्हा पानं सुटली खरी, पण अक्षरं गेली.

म्हणून क्लास लॉयडच्या मित्राने, यतीनने, बनवायला घेतले. तीन वर्षं झाली त्याला, तेव्हा तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. आता तो मीरा रोडला, घराजवळच्याच एका औषध कारखान्यात नमुने तपासायचा, आणि तिथली शिस्त त्याने खेळातही आणली होती. प्रत्येक क्लासला शंभर गुण. जे येतं त्याचे गुण खर्च करायचे, जी उणीव असेल तिचे परत मिळवायचे. काटा मधोमध आला पाहिजे. कुठलाही आकडा वहीत लिहिला की समोरच्या समासात तो का, ते लिहायचं. निळा वीस बाजूंचा फासा त्याने सहाशे वेळा टाकून पाहिला होता. त्यावर सतरा जरा जास्त येतो हे त्याला ठाऊक होतं आणि तेही वहीत होतं.

दर रविवारी दुपारी सिल्व्हर पार्कमधल्या यतीनच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात डाव बसायचा. शेजारच्या सुचेताकाकूंनी आईला विचारलंही होतं, यतीनचा क्लास कितवीचा आहे म्हणून. मास्तर यतीनच. खेळायला लॉयड उत्तनहून यायचा, काशीमीऱ्याहून नीरज यायचा, ज्याच्या वडिलांचं हायवेवर गॅरेज होतं, आणि घरातली म्हणून यतीनची धाकटी बहीण नीलम. नीरजला असा माणूस हवा होता जो तलवार चालवतो, जादू करतो आणि मरत नाही. यतीनने शांतपणे सांगितलं होतं, की असा माणूस बनवता येईल, फक्त त्याला चालता येणार नाही. लॉयडने नाखवा मागितला. भरती-ओहोटी नुसत्या वासाने ओळखणारा, पण जमिनीवर पाय ठेवला की अडखळणारा. त्या एका क्लासच्या गणिताला वहीची अडीच पानं लागली.

पुस्तकातला एक नियम मात्र शाबूत राहिला होता आणि तो सगळ्या क्लासना लागू होता. रात्र झाली, माणूस झोपला, की खर्च झालेलं सगळं सकाळी भरून येतं.

नीलमच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ते कळलं या जूनमध्ये, ती विसाव्या वर्षी जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा. तोवर सगळे तिला नाजूक म्हणायचे. ओठ निळसर, बोटांची टोकं पडघमाच्या काडीसारखी फुगीर. थंडीने होत असेल म्हणायचे. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आई आणि नीलमला बाहेर बसवलं, आणि बाबा नि यतीनला आत घेऊन कागदावर चार कप्प्यांचं चित्र काढलं. भोकातून इतकी वर्षं जास्तीचं रक्त जोराने फुप्फुसांत गेलं होतं, तिथल्या नळ्या कठीण होऊन बसल्या होत्या. आता भोक बुजवलं तर हृदय त्या कठीण नळ्यांवर डोकं आपटून थांबेल. लहानपणीच आणलं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. यतीनने विचारलं, किती. चार वर्षं, फार तर पाच, डॉक्टर म्हणाले.

बाबांनी, आत्मारामरावांनी, व्हरांड्यातच ठरवून टाकलं. नीलमला सांगायचं नाही. ऑपरेशन आहे, पण अंगात ताकद हवी, वजन पंचेचाळीस किलो भरलं की दिवाळीनंतर करू, असं सांगायचं. तिचं अडतीस होतं. यतीनचा हात स्वतःच्या गळ्याला लावून त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आईला त्याच रात्री खरं सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून आई तुपाची वाटी घेऊन नीलमच्या मागे लागली. सकाळी खारीक, दुपारी भातावर तूप, संध्याकाळी लाडू. नीलमला अन्न जायचं नाही, अर्ध्या घासात दम लागायचा, पण ती डोळे मिटून गिळायची. स्टेशनवरच्या वजनकाट्याची तिकिटं ती एका डबीत जपून ठेवायची. अडतीस, अडतीस, साडेसदतीस.

ऑगस्टमध्ये तिने यतीनकडे नवा क्लास मागितला.

हाणामारी नको, ती म्हणाली. जिना चढवत नाही, राक्षसामागे कुठे धावू? तिला अशी बाई हवी होती, जिने मास्तरला प्रश्न विचारला की मास्तरला खरंच सांगावं लागेल. लॉयड हसला. मास्तरच फोडला तर खेळ उरतो काय, म्हणाला. पण यतीनला कोडं आवडलं. चार संध्याकाळी तो त्यावर बसला. दिवसाला एकच प्रश्न दिला तरी ती दर सकाळी एक कुलूप फोडणार होती. फाशावर सोडलं तर खरं उत्तर नशिबावर जाणार होतं, मग ते खरं कसलं? शेवटी त्याने प्रश्नाला किंमत लावली, श्वासांची. छोट्या प्रश्नाला दोन, मोठ्याला पाच, आणि उरलेले सगळे एकदम दिले तर कुठलाही प्रश्न, मास्तरने आधी लिहून न ठेवलेलाही. काटा तरीही एका बाजूला झुकत होता. तेव्हा त्याने उणीव लिहिली: हे श्वास रात्री भरून येत नाहीत. एकदम काटा मधोमध आला. वर त्याने आकडा लिहिला, साठ. तो बरोबर वाटला.

क्लासचं नाव जाणती. नीलमने ती कंजूषपणे खेळली. बाकीचे दारावर धडका मारत असताना ती नुसती बसून असायची, आणि अगदीच अडलं की दोन श्वासांचा प्रश्न टाकायची. दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा तिच्या कागदावर त्रेचाळीस उरले होते.

त्या रविवारी आई-बाबा दिवाळीच्या सामानाला भाईंदरला गेले होते. खाली टँकर आला होता आणि बिल्डिंगभर बादल्यांचा आवाज चालू होता. गोष्ट एका मिठागराकाठच्या किल्ल्यापाशी पोचली होती. नीरज दरवाजा तोडायच्या बेतात होता. नीलमने, आपला एक नियम पुन्हा बघायचाय म्हणून, यतीनची वही मागून घेतली होती आणि बराच वेळ ती पानं उलटत होती. मागची, पुढची, पुन्हा मागची. मग तिने वही टेबलावर उघडी ठेवली आणि आपला कागद यतीनपुढे सरकवला.

"उरलेले सगळे," ती म्हणाली.

"अगं बाय, सगळे?" लॉयड म्हणाला. "दार तर उघडंच हाय. हा येडा तोडायला निघालाय."

"दाराचं नाही विचारायचं. वहीतलं विचारायचंय. कुठलाही प्रश्न असं लिहिलंय, मास्तर."

यतीनने बघितलं. कुठलाही, असंच होतं, त्याच्याच अक्षरात. त्याने मान हलवली.

"प्रत्येक आकड्यापुढे तू कारण लिहितोस, दादा," नीलम म्हणाली. ती नेहमीसारखी दोन-तीन शब्दांनी थांबून, दम घेऊन बोलत होती. "लॉयडच्या चौदापुढे अर्धं पान आहे. नीरजच्या सातापुढे आहे. साठपुढे काही नाही. आणि सगळ्यांचं सकाळी भरून येतं, माझंच येत नाही. हे साठ कसले?"

"साँस, और क्या," नीरज म्हणाला. "यार नीलम, इसके लिए सब उडा दिया?"

यतीनही श्वास असंच म्हणणार होता. तोंड उघडलं आणि मग त्याला समास दिसला. वहीभर निळ्या शाईने भरलेले समास आणि हा एवढा एक कोरा. हा आकडा त्याने कुठून आणला होता? काढला कसा होता? आणि मग त्याला परतीची बस आठवली, जूनमधली, पुढे बाबा खिडकीला डोकं टेकून बसलेले, मागच्या बाकावर आई आणि नीलम. कारखान्यात मोठं माप आलं की लहान मापात करून बघायची त्याला सवय होती. बसमध्येही त्याने तेच केलं होतं. पाच गुणिले बारा.

तो खोटं बोलू शकत होता. गळ्याला लावलेला हात त्याला आठवत होता. पण या टेबलावर तीन वर्षांत मास्तर एकदाही खोटं बोलला नव्हता. तो बोलला असता तर फाशांनाही काही अर्थ उरला नसता, हे नीलमला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिने ऑगस्टमध्ये हा क्लास मागितला तेव्हाच तिला हे विचारायचं होतं का, की आत्ता वही चाळताना सुचलं, ते त्याला कधीच कळलं नाही.

"महिने," तो म्हणाला.

लॉयडला गंमत वाटली. म्हणजे पाच वर्षांची मोहीम, तो म्हणाला, तोवर मी काकासारखा जहाजावर असेन, तुम्ही बसा इथे दारं तोडत.

"जूनपासून धरायचे," नीलम म्हणाली. तो प्रश्न नव्हता. प्रश्न संपले होते. "चार गेलेच."

लॉयडचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने नीलमकडे पाहिलं, मग यतीनकडे. त्याच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं होडीची वाट पाहत किनाऱ्यावर उभी राहिलेली होती. कुठला चेहरा कशाचा हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. तो उठला आणि नीरजच्या खांद्यावर हात ठेवून, चल, खाली चहा मारून येऊ, म्हणाला. नीरज म्हणत होता की दरवाजा राहिला. लॉयडने त्याला तसाच बाहेर नेला.

दोघंच उरली. नीलमने पेन्सिल घेतली, त्रेचाळीसवर रेघ मारली आणि खाली नीट गोल शून्य काढलं.

"ऑपरेशन नाहीच," ती म्हणाली.

यतीनने नाही म्हणून मान हलवली.

"वजनाचं?"

"वजनाचं काही नाही."

ती काही वेळ आपल्या बोटांच्या टोकांकडे बघत राहिली. यतीनला तिची माफी मागायची होती, पण कशाची ते नेमकं ठरत नव्हतं. सांगितलं त्याची, की सांगितलं नव्हतं त्याची. त्याने एवढंच म्हटलं की मला कळलंच नव्हतं, मी साठ लिहिलं तेव्हा. हे खरं होतं आणि त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

"बाबांना विचारलं असतं तर ते खोटं बोलले असते," नीलम म्हणाली. "म्हणून तुला विचारलं. खेळात विचारलं, म्हणजे तुला सुटता येणार नाही."

"मी त्यांना सांगतो. संध्याकाळी आल्यावर."

"काय सांगतोस?"

"की तुला कळलंय."

"अजिबात नाही." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. "आई रोज वजन विचारते. तेवढं विचारायला तिच्याकडे राहू दे. माझी शपथ आहे, दादा. आता माझी पण."

जिन्यात आईचा आवाज आला. ती नेहमीप्रमाणे दुसऱ्या मजल्यापासूनच बोलत येत होती. भाईंदरला काय गर्दी, पणत्या किती महाग, आणि डिंक मिळाला बाई एकदाचा, चांगला मिळाला. दार उघडून ती आत आली. तिच्या मागे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाबा. मुलं कुठे गेली, लवकर संपला का आज क्लास, आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरातून कालचे उरलेले लाडू ताटलीत घालून आणले. नवे उद्या करते, म्हणाली.

नीलमने एक लाडू उचलला.

"आई, सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "काल काट्यावर एकोणचाळीस भरले."

नऊ दिवसांत ती बिल्डिंगच्या बाहेर पडली नव्हती. हे यतीनला माहीत होतं. आईलाही माहीत असायला हवं होतं, पण आईने हातातली ताटली घाईने टेबलावर ठेवली.

"बघ. म्हटलं नव्हतं मी? आता सहाच राहिले." तिने नीलमच्या केसांवरून हात फिरवला. मग एकदम काहीतरी आणायचं आठवल्यासारखं करून ती आत गेली, आणि आत बराच वेळ नळ चालू राहिला.

बाबांनी नीलमच्या डोक्यावरून यतीनकडे पाहिलं. जमतंय, चेहरा सांभाळ, असं त्या नजरेत होतं. यतीनने चेहरा सांभाळला. तो टेबलावरचे फासे गोळा करून पिशवीत टाकू लागला. समोर नीलम दुसरा लाडू खात होती, हळूहळू, दोन घासांमध्ये श्वासासाठी थांबत. मोजायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि तो मोजत राहिला.