अंधारातला एक सेकंद

लेझरने अणूंना ताल धरायला लावायचा, मग शटर मिटून लेझर अडवायचा आणि ताल अंधारात किती वेळ टिकतो ते मोजायचं, हा आमचा उद्योग. अणू महाविसरभोळे. काही हजारांश सेकंदांत सगळं विसरून मोकळे होतात. माझ्या सरांनी या विसरण्याशी तीस वर्षं झुंज दिली. गेल्या वर्षी माझ्या हातून ताल चक्क एक सेकंद टिकला. सरांनी अख्ख्या मजल्याला चहा पाजला. शोधनिबंध छापून आला, माझ्या डॉक्टरेटची तारीखही ठरली.

परवा सकाळी, हात शिवशिवले म्हणून, मी बंद शटरपुढे काळा पुठ्ठा धरला. ताल चार हजारांश सेकंदांत मेला. पुठ्ठा काढला, पुन्हा एक सेकंद. शटर पुरतं मिटतच नव्हतं. फटीतून झिरपणारा प्रकाश अणूंना सारखी आठवण करून देत होता आणि आम्ही त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक करत बसलो होतो. उजेड मोजायचं मीटर मी वर्षभर मोठ्या मापावर ठेवलेलं; एवढासा उजेड त्यावर शून्यच दिसणार. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सर निवृत्त झाल्यापासून अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या घरी गेले तर काकूंनी मला दारातच गाठून बजावलं, की त्यांच्या जिवाला लागेल असं काही बोलू नकोस, तो निबंध तेवढाच त्यांना आधार आहे. मी मान डोलावली आणि आत जाऊन सगळं सांगून टाकलं.



"पुठ्ठा मी छापायच्या आधीच धरला होता," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं सहावं वर्ष चाललं होतं. मी अजून किती दिवस पुरणार होतो? म्हटलं, पोरीचं मार्गी लागू दे."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासाठी स्वतःची माती केली आणि मला विचारलंसुद्धा नाही. निबंध मागे घेणार, एवढंच मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून होकार दिला.

मासिकाचा अर्ज मी दुपारीच भरला. डॉक्टरेटची तारीख गेली, ती जाणारच होती. चूक कोणाची, तिथे माझं नाव घातलं. शेवटी एक प्रश्न होता: छापण्यापूर्वी ही चूक कोणाच्या लक्षात आली होती का?

मी 'नाही' लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.