आईने घातलेली वेणी

शाळेने यंदा मुलांच्या मनासाठी खोली काढली. म्हणजे जिन्याखालची अडगळ उचलली, दोन उशा टाकल्या आणि एक समुपदेशक बाई नेमल्या. पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव पाडलं, गप्पाबाई. शिक्षकांच्या हिशेबी मात्र खर्च तेवढा दिसत होता, जमा काही दिसेना. "मन रमलं म्हणून गणित सुटतंय होय?" वर्गबाई चहात साखर ढवळत म्हणायच्या.

त्याच वर्गबाईंनी एका सकाळी चौथीतल्या चिमणीला दंडाला धरून आणलं.

"घ्या तुमचं गिऱ्हाईक. अवतार बघा हिचा! कंगवा दाखवला की किंचाळते."

चिमणीची आई मागच्या आठवड्यात दूरच्या शहरात नर्स म्हणून रुजू झाली होती. परीक्षा संपेपर्यंत काही ती येणार नव्हती. घरी बाबा होते. वेणीचा पार काथ्या झाला होता, टोकाला निळी रिबीन.

"ओढलं की दुखतं का गं?" गप्पाबाईंनी विचारलं.

"नाही. आईने घातलीय. निघताना." चिमणीने वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तुम्ही सोडलीत की संपली."

एरवी गप्पाबाईंकडे बोलायला तोटा नव्हता. त्या दिवशी दुकान बंद. त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "खाजत असेल ना पण?"

"खूप," चिमणी म्हणाली, आणि रडायला लागली.

दुपारी बाबा आले, रंगकामावरून तसेच. "मी हात लावला तरी पळते, बाई. माझी वेणी म्हणजे केरसुणी, ते कबूल."

गप्पाबाईंनी आईला फोन लावला आणि स्पीकरवर सगळं सांगितलं.

"अगं बये, उवा होतील की!" आई तिकडून ओरडली. मागे स्ट्रेचरच्या चाकांची खडखड.

"पण तुझी गाठ सुटेल," चिमणी म्हणाली.

खडखड लांब गेली. मग आईचा आवाज आला, एकदम बारीक. "अहो, ऐकताय? गाठ सोडू नका. रिबीन तशीच खाली ओढा. हळू."

बाबांनी श्वास रोखून ओढली. गाठीसकट निघाली. चिमणीने ती कंपासपेटीत ठेवली. मग बाबांनी वेणी उलगडली. मोकळ्या केसांत पेडांची वळणं तशीच राहिली होती. चिमणी त्यांवरून बोट फिरवत राहिली.

"धुतले की जातील?"

"जातील," बाबा म्हणाले.

"मग उद्या धुवू."

"उद्या धुवू."

तिसऱ्या दिवशी चिमणी धुतलेले केस आणि बाबांची केरसुणी घेऊन वर्गात आली. तासाला भागाकार होते. भागाकाराला कंपासपेटी लागत नाही, तरी चिमणीची सारखी उघडत होती.

वर्गबाईंना ते दिसत होतं. त्या फळ्याकडे वळल्या आणि पुढचं गणित उगाच सावकाश लिहीत राहिल्या.