सुहासिनीबाईंची दातखीळ

श्यामसुंदर रणपिसे यांना ऑपरेशनला न्यायला थोडाच वेळ उरला होता आणि चर्चचे पाळकसाहेब नेमके नगरला बैठकीला गेलेले. हृदयाचं ऑपरेशन म्हणजे काय खेळ आहे? सुहासिनीबाईंनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. चेहरा मात्र असा कडक, की नर्सनेच वचकून राहावं.

"तूच कर प्रार्थना, सुहास," श्यामसुंदर म्हणाले. "कोणाचीही असली तरी चालेल, पण प्रार्थनेशिवाय मला आत जायचं नाही."

चर्चच्या मंडळीत सुहासिनीबाईंच्या प्रार्थनेला तोड नव्हती. डोळे मिटायचा अवकाश, शब्द भराभरा यायचे. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, "हे स्वर्गीय पित्या" म्हटलं, आणि पुढे दातखीळच बसली. कानात कोणीतरी म्हणालं होतं, झालं सुरू भाषण! आवाज ओळखीचा होता. दुसरा कोणाचा असणार, त्यांचाच होता.

आता हा आवाज आला कुठून, तेही सांगायला हवं. दर गुरुवारी मंडळीतल्या बायका कोणाच्या तरी घरी साखळी प्रार्थनेला जमायच्या. गोल बसायचं, हात धरायचे. एकीचं मागणं संपलं की तिने शेजारणीचा हात दाबायचा, मग शेजारणीने सुरू करायचं. तिथे शकू पहिल्यांदा बोलली. शकू हडपसरची, मळ्यात राबणारी, बाप्तिस्मा घेऊन वर्षही झालं नव्हतं. पोराचा ताप उतरू दे, एवढंच बिचारीने अडखळत, घाम पुसत, आपल्या गावच्या बोलीत मागितलं. आमेन झालं, चहा आला, आणि कप उचलता उचलता सुहासिनीबाई म्हणाल्या, "देवाला सगळ्या भाषा येतात म्हणून बरं. नाहीतर आज दुभाषी बोलवावा लागला असता."

बायका हसून हसून लोटपोट. सुहासिनीबाई स्वतःवर खूश. शकूसुद्धा हसली हो, करते काय! पण त्या दिवसापासून पाळी आली की ती मुकाट्याने पुढचीचा हात दाबायची.

तेवढ्यावर थांबत्या तरी बरं होतं. पण त्या हसण्याची बाईंना चटकच लागली. दर गुरुवारी डोळे मिटून त्या दुसऱ्यांच्या प्रार्थनेतली खोट शोधायच्या. कोणी 'कृपा' किती वेळा म्हणालं, कोणाचा गळा उगाच दाटला. तोंडात जातं त्याने नव्हे, तोंडातून निघतं त्याने माणूस विटाळतो, हे वचन त्यांनी संडेस्कूलच्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. पोरांना कळलं असेल, बाईंना कळलं नव्हतं. आज स्वतःच्या नवऱ्यासाठी तोंड उघडलं, तर ती खोडसाळ जीभ त्यांच्यावरच उलटली.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडल्या. श्यामसुंदर डोळे मिटून वाट बघत होते, आणि बाईंना दरदरून घाम फुटला.

इतक्यात शकू आली, चहाचा थर्मास घेऊन, बसने धक्के खात. बाईंनी तिला दारातच गाठलं.

"शकू, तू कर गं प्रार्थना. माझ्याने होत नाही."

शकू मागे सरली. "मला न्हाई जमायचं, बाई. घरात एकटी बसले तरी तुमचं ते बोलणं कानात येतं."

"माझ्याही येतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मी फार वाईट बोलले गं. मला माफ कर."

स्ट्रेचर आलं. श्यामसुंदरांनी घाबऱ्याघुबऱ्या नजरेने दोघींकडे पाहिलं. तेव्हा शकूने थर्मास खाली ठेवला, त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि मागणं सुरू केलं. ती अडखळत होती, मध्येच थांबत होती. शेवटी श्यामसुंदर मनापासून आमेन म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला होता. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं.

सुहासिनीबाई बाकावर मटकन बसल्या. आमेन म्हणायचं त्यांचं राहूनच गेलं होतं.

"शकू, काय मागितलंस गं?"

"आत्ताच तर मागितलं. तुमी हितंच तर हुता."

"मी ऐकलंच नाही." बाई म्हणाल्या. "नवरा माझा आत चालला होता, आणि मी मेली तुझ्या चुका मोजत होते. नको नको म्हणत होते, तरी मोजत होते. मला प्रार्थना ऐकूच येत नाही आता."

शकू त्यांच्या शेजारी बसली.

"मग आता तुमी मागा," ती म्हणाली. "मी न्हाई मोजत."

सुहासिनीबाईंनी तोंड उघडलं. "देवा" एवढंच निघालं, आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.