हलकं विमान

थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्याने विमान हलकं केलं तेव्हापासून. तसं ते आधीही दुखत होतंच म्हणा, धाकटा पाळण्यात होता तेव्हापासून. पण माणसाला निमित्त लागतं, ते आत्ता मिळालं.

दोघा भावांचा धंदा एकच. घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो ना, फ्लाइट सिम्युलेटर, त्याच्यासाठी जादाची विमानं बनवायची आणि विकायची. अ‍ॅड-ऑन म्हणतात त्यांना. मागच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं. एका टेबलावर थोरला विमान घडवायचा, दुसऱ्यावर धाकटा गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरायचा. म्हणजे आपण कलावंत आणि हा निस्तरणारा, असं थोरल्याचं पक्कं मत होतं आणि ते तो फारसं लपवतही नसे.

दोन पंख्यांचं हे जुन्या घाटाचं विमान त्याने जिवाचं रान करून केलं होतं. सीटची शिवण दिसायची. काचांवर बोटांचे ठसे होते. ऊन कलतं झालं की खिडकीच्या चौकटीची सावली पायलटच्या मांडीवर सरकायची. आता एवढं सगळं ओढायला कॉम्प्युटरही तसाच दणकट हवा. ज्यांच्याकडे होता ते खूश झाले. ज्यांच्याकडे जुनी मशीनं होती त्यांच्याकडे विमान अडखळत, ठेचकाळत चालायला लागलं आणि तक्रारींची रीघ लागली.

"नवा कॉम्प्युटर घ्या म्हणावं," थोरला म्हणाला. "मी काय दगडी पाटीवर चित्रं काढू?"

धाकट्याने वाद घातला नाही. तो कधीच घालत नसे, हेही थोरल्याच्या डोक्यात जायचं. त्याने मुकाट्याने विमानाची दुसरी प्रत घेतली. चित्रं निम्म्या मापाची केली, सावल्या काढल्या, काचेतली प्रतिबिंबं काढली, मागच्या सीटा कुणी वळून बघत नाही म्हणून नुसते ठोकळे करून टाकले. 'जुन्या मशीनसाठी' म्हणून ती प्रत सोडली आणि काय सांगायचं, दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर विमान अलगद तरंगायला लागलं. कौतुकाचा नुसता पूर आला. एका निवृत्त दंतवैद्याने लिहिलं, तुम्ही माझ्या संध्याकाळी मला परत दिल्यात. एका बेकरीवाल्याने तर धाकट्याला आपला मुलगाच मानलं.

विमान माझं, कापाकापी याची आणि कौतुकही याचंच! थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तेही त्याने गिळलं असतं. पण बाबा.

बाबांनी सगळी नोकरी विमानतळावर काढली, इंधनाचा टँकर चालवण्यात. विमानांची पोटं भरली, पण पायलटच्या जागेवर कधी बसले नाहीत. निवृत्त झाल्यापासून समोरच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे रोज सकाळी चहा झाला की बसायचे आणि विमान उतरवायचे. उडवण्यात त्यांना रस नव्हता, उतरवण्यात होता. थोरल्याने नवा कॉम्प्युटर देऊ केला, तर "हा चालतोय की," म्हणाले. थोरल्याचं मूळ विमान त्यांनी लावून पाहिलं, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे रे. अगदी फोटोसारखं." बरोबरच होतं, हलत कुठे होतं ते.

धाकट्याचं हलकं विमान मात्र त्यांनी पहिल्याच सकाळी असं टेकवलं की चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. मग काय, आल्यागेल्याला तेच. "धाकट्याने माझ्यासाठी केलंय." माझ्यासाठी! थोरला ताटावरून उठून जायचा.

भावांची कामाची एक रीत होती. दुरुस्ती धाकट्याने करायची, थोरल्याने शेवटचा हात फिरवायचा आणि मगच अपडेट बाहेर सोडायचं. थोरल्याचा हात फिरल्यावर धाकटा पुन्हा उघडून बघत नसे. दादाचं काम तपासणं त्याला आगाऊपणा वाटायचा. तर पुढच्या अपडेटच्या वेळी थोरल्याने हात फिरवता फिरवता पूर्ण मापाची चित्रं आणि काचेतली प्रतिबिंबं त्या हलक्या विमानात गुपचूप परत भरली. विमानाची थोडी अब्रू राहू दे, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. धाकट्याचं विमान अडखळायला हवं होतं, बस्स.

आणि अडखळलं. वर आकाशात ठीक चालायचं, पण उतरताना विमानतळाच्या इमारती समोर आल्या की जॉयस्टिकची काठी आत्ता ओढावी आणि विमानाने जरा वेळाने ऐकावं. जो तो धावपट्टीवर आपटायला लागला. धाकटा बिचारा दिवसभर फोनवर. मशीन कुठलं, मेमरी किती, हे बंद करून बघा, ते चालू करून बघा.

"काय रे, दंतवैद्य काय म्हणतात?" थोरला विचारायचा. त्याला मजा येत होती.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातच आली नाही. बाबांच्या कॉम्प्युटरवर अपडेट आपोआप चढायचं. तसं त्यानेच लावून दिलं होतं.

एका सकाळी तो समोरच्या खोलीत आला तर बाबा जॉयस्टिकला तिची वायर गुंडाळत होते.

"आज उडवायचं नाही?"

"नको रे. हात चालेना. खाली येताना काठी ओढतो, पण उशीर होतो मला. आठवडाभर बघतोय." त्यांनी वायरची गाठ मारली. "आणि ऐक, गाडीही आता तूच चालव. मी नाही बसणार पुढे. इथे उशीर होतो तर रस्त्यावरही होत असणार. कुणाचा तरी जीव जायचा."

उभा जन्म टँकर चालवलेला माणूस, एक ओरखडा कधी उठला नाही.

"बाबा, विमानातच काही गडबड असेल."

"छे. तुम्ही दोघांनी केलेलं ते. त्यात कशी असेल?"

कुठले कुठले लोक विमानाच्या नावाने खडे फोडत होते. एकट्या बाबांनी दोष स्वतःच्या हातांना दिला होता.

थोरला मागच्या खोलीत गेला. धाकटा कुणाला तरी फोनवर समजावत होता. त्याच्याकडे न बघता थोरल्याने आपण भरलेलं सगळं काढलं, अपडेट सोडलं आणि समोर येऊन जॉयस्टिकची वायर सोडवली. "एकदाच बसा, बाबा."

बाबा नाखुशीने बसले. विमान खाली आलं, इमारती आल्या, बाबांनी काठी ओढली आणि विमान अलगद टेकलं. बाबा पडद्याकडे नाही, आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे हात..."

"हात ठणठणीत आहेत तुमचे. अपडेटमध्ये चूक होती."

"धाकट्याने पकडली?"

त्याची चूक होती, मी पकडली. वाक्य थोरल्याच्या जिभेवर तयार होतं. एवढं म्हटलं असतं की संपलं, पारडंच फिरलं असतं.

"हो," तो म्हणाला. "त्यानेच."

"वाटलंच मला," म्हणत बाबा उठले आणि तडक मागच्या खोलीत गेले. थोरला त्यांच्या मागे दारापर्यंत गेला. बाबांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "पकडलीस ना चूक? मी तर गाडी सोडायला निघालो होतो रे."

"मी?" धाकटा गोंधळला. त्याने पडद्याकडे पाहिलं. त्याने न केलेलं एक अपडेट नुकतंच बाहेर गेलं होतं. आता त्याने ते उघडलं, वरून खाली वाचलं आणि बाबांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. थोरल्याला मान खाली घालावी लागली.

"हो बाबा," धाकटा म्हणाला. "माझ्याच हातून राहिली होती. तुम्हाला उगाच त्रास झाला."

आयुष्यभर थोरल्याने त्याचा हेवा केला होता, पण आत्ता वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.