मालनबाईंच्या घरची पाहणी

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या निधीत पैसे देणारे कमी आणि तपासणारे जास्त. संकटातून सावरणाऱ्या मुलामुलींना हात द्यायचा, हा उद्देश. कुणाचे वडील अपघातात गेलेले, कुणी आगीतून वाचलेलं, कुणी मोठ्या आजारातून उठलेलं. अशांना शिक्षणासाठी आणि समुपदेशनासाठी वर्षभराचं अनुदान. पण चेक फाडण्याआधी गृहभेट. हा नियम आमचे अध्यक्ष मधुसूदनराव यांचा. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे कालव्यात पाणी आहे हे स्वतः हात घालून पाहिल्याशिवाय ते मान्य करत नाहीत.

गृहभेटीत लोक काय काय लपवतात, हे आम्हाला आता तोंडपाठ झालंय. एका घरानं आम्ही यायच्या आधी टीव्ही उतरवून ठेवला होता आणि भिंतीवर टीव्हीएवढा पांढरा चौकोन तसाच राहिला होता. मधुसूदनराव त्या चौकोनासमोर बसून म्हणाले, "जरा बातम्या लावता का?" 

त्यामुळे बजाजनगरच्या रूपालीचा अर्ज आला, तेव्हा घरच्यांनी काय लपवलंय ते शोधायच्या तयारीनंच आम्ही गेलो.

अर्ज आणला होता मृण्मयीनं. ती आमची समुपदेशक, वयानं लहान पण मधुसूदनरावांना न घाबरणारी एकमेव सभासद. रूपालीचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात स्फोटात गेले. त्या दिवशी रूपाली त्यांचा डबा घेऊन फाटकाशी उभी होती. तेव्हापासून पोरगी उंबरा ओलांडत नाही. कॉलेज सुटलं, बोलणं निम्म्यावर आलं. मृण्मयी घरी जाऊन बसायला तयार होती, पण आठवड्यातून नेमानं, वर्षभर. त्याला पैसे लागणार, शिवाय बारावीची फी. शनिवारच्या सभेत नावं पक्की व्हायची होती. ज्याचं राहील त्याचं पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षापर्यंत पोरगी कुठं पोचेल याची हमी मृण्मयी द्यायला तयार नव्हती.

आई मालनबाई पॅकिंगच्या कामाला जायच्या म्हणून फोन करून रविवारी गेलो. एकच खोली, हे अर्जाप्रमाणे बरोबर. पण खोलीत काय नव्हतं? सोफा, त्यावर मखमली कव्हर. दार उघडल्यावर आत दिवा लागणारा उंच फ्रिज. कूलर. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरी, त्यांना ताजे हार. चहा आला तो सोनेरी काठाच्या कपांतून, सोबत काजूची बिस्किटं. कप आमच्या ओठाला लागेपर्यंत मालनबाई दाराशी उभ्या होत्या. आम्ही प्यालो, मग त्या बसल्या.

आणि रूपाली! केसांत गजरा, ओठांना लाली. मधुसूदनरावांनी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, मजेत. हसलीसुद्धा.

गाडीत बसल्यावर मधुसूदनराव शर्टावरचा बिस्किटांचा चुरा झटकत राहिले. त्यांनी चार बिस्किटं खाल्ली होती, त्यामुळे रागवावं तरी कसं, ही अडचण असावी. शेवटी म्हणाले, की यांच्याकडचा फ्रिज माझ्याकडच्यापेक्षा मोठा आहे, आणि ती मुलगी माझ्या सुनेपेक्षा आनंदी दिसते. मग यात संकट कुठल्या रकान्यात लिहायचं?

मृण्मयी म्हणाली, ती मुलगी माझ्याशी आजवर अशी कधी हसलेली नाही. मी म्हटलं, ही तर चांगली गोष्ट झाली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

आमची पंचाईत वेगळीच होती. आहे ते लपवणारा आम्ही पकडला असता. पण आहे ते सगळं उघड मांडून वर अनुदान मागायला कुणी कशाला येईल? हिशेबच बसेना.

शुक्रवारी दुपारी मधुसूदनराव म्हणाले, न सांगता जाऊ. गेलो. मालनबाई दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होत्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहराच उतरला. खोलीत सतरंजी, एक लोखंडी पेटी, स्टोव्ह आणि कोपऱ्यात माठ. तसबिरी तेवढ्या जागेवर. रूपाली भिंतीला टेकून बसलेली, केस विंचरलेले नाहीत, आमच्याकडे पाहिलंही नाही.

मधुसूदनराव खोलीच्या मधोमध उभे राहिले, एखाद्या चुकीच्या स्टँडावर उतरल्यासारखे. फ्रिज कुठाय, म्हणाले. मालनबाई म्हणाल्या, "दुरुस्तीला दिला."

"आणि सोफा?"

"तो बी."

दुरुस्तीला सोफा गेलेला मी प्रथमच ऐकत होतो. कूलरचं विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मधुसूदनरावांचा संशय आता उलटा फिरला. आधी भरलेलं घर, आता रिकामं. म्हणजे अनुदानासाठी सामान हलवलं. ते त्यांनी तोंडावर विचारलं. मालनबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमाला द्यायचं नसंल तर नका देऊ. माझ्या घरात खोटं बोलत नाय कुनी." एवढं बोलून त्या कामावर निघूनच गेल्या. चहाचं विचारलं नाही. म्हणजे आमचं विचारणं त्यांना फार लागलं असणार, हे मला जिना उतरताना कळलं.

खाली गाडीपाशी मृण्मयी आणि मधुसूदनराव वाद घालत होते. ती म्हणत होती, रविवारचं खोटं होतं. ते म्हणत होते, मग आजचं खरं कशावरून? दोन्ही घरं या डोळ्यांनी पाहिलीत, उद्याच्या सभेत मी कुठलं सांगू? मला दोघांचंही पटत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"फ्रिज केसरबाई मावशीचा."

रूपाली रस्त्यावर उभी होती. अनवाणी, एका हातानं विजेचा खांब धरलेला. श्वास लागलेला.

"सोफा सांडूभाऊचा. कूलर वरल्या मजल्याचा. कप मामीनं पिशोरहून पाठवले, एस्टीत मांडीवर धरून. लाली शेजारच्या दीदीची." ती थांबली. "मोठी मानसं घरी येनार, आपल्या हातचा चहा पिनार, तर बसायला सतरंजी दिऊ का, असं आई म्हनली. अन् मला म्हनली, पावन्यांपुढं रडकं तोंड नको."

मधुसूदनराव अगदी खऱ्या गोंधळानं मृण्मयीच्या कानाशी लागले, "अहो, पण अर्जात तर लिहिलंय ही घराबाहेर पडत नाही."

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मृण्मयी खांबापाशी जाऊन उभी राहिली होती, रूपालीला हात न लावता, नुसती जवळ. एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला तशी पोरीनं डोळे घट्ट मिटले, पण खांब सोडून पळाली नाही.

डोळे उघडल्यावर तिनं विचारलं, "पैसे मिळाले, तर मी खाली येऊन सांगितलं ते आईला कळंल का?"

हा प्रश्न आमच्या नियमावलीत नव्हता. मधुसूदनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रविवारच्या आणि शुक्रवारच्या घरांतलं कुठलं खरं, हे त्यांना अजून उमगलं असेल असं मला वाटत नाही. पण ते ताठ झाले आणि खात्यातल्या जुन्या आवाजात म्हणाले, "तुझं नाव उद्या पक्कं होईल. आणि कारणांची चर्चा समिती बाहेर करत नसते. ते गोपनीय असतं."

आमच्या समितीचे निर्णय सभा संपायच्या आत खालच्या चहावाल्याला ठाऊक असतात. मी मान डोलावली आणि म्हणालो, एकदम गोपनीय.